गॅलरीतला नगरसेवक

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. मी ती पाळणार नाही. भाऊंना जाऊन आता वर्ष होत आलं, तरी त्यांचं नाव निघालं की माझ्या कपाळावर आठी पडते. माझी मुलगी म्हणते, आई, सोड ना आता, माणूस गेला. मी म्हणते, माणूस गेला असेल, त्यानं केलेलं कुठं गेलं? वस्तीत सगळेच त्यांना भाऊ म्हणत, म्हणून मीही म्हणते. भावासारखं त्यांनी माझ्याशी काही केलं नाही.

मी आमच्या वॉर्डातून निवडून आलेली पहिली बाई. कुठं पाहुणी म्हणून बोलावलं की सूत्रसंचालन करणारी मुलगी हे वाक्य फार कौतुकानं म्हणते, टाळ्या होतात. मला दर वेळी ते सगळं आठवतं, आणि चेहरा हसरा ठेवायला कष्ट पडतात.

उत्तर नागपुरात बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर. नवरा वीज खात्यात लाइनमन. पुढच्या खोलीत मी शिवणक्लास चालवायची. क्लास सुटला की वस्तीतल्या दहावी-बारावीच्या पोरी दप्तरं घेऊन यायच्या. त्यांच्या घरी एकच खोली, त्यातच टीव्ही, त्यातच ड्युटीवरून आलेल्या बापाची झोप. मग या पोरी माझ्या मशीनच्या पाट्यांवर वह्या ठेवून अभ्यास करायच्या. त्यांच्या वह्यांत दोऱ्याचे तुकडे निघायचे. शहरात अभ्यासिका होत्या, नाही असं नाही, पण तिथं सगळी पोरं. बाहेर त्यांच्या गाड्या लागलेल्या, गेटवर घोळका. बाप पोरींना तिथं पाठवत नसत, आणि पाठवलं तरी पोरी दोन दिवसांत परत येत.

विहाराच्या बाजूला महापालिकेची एक मोकळी जागा होती. कचऱ्याचा ढीग, डुकरं, पावसाळ्यात तळं. येता-जाता मी त्या जागेकडे बघायची आणि मनातल्या मनात तिथं भिंती उभ्या करायची. एक मोठी खोली, चांगले दिवे, पंखे, पोरींसाठी. मला आयुष्यात राजकारणातून काय पाहिजे होतं, असं कोणी विचारलं तर एवढंच उत्तर आहे. मला ती खोली पाहिजे होती.

त्या साली आमच्या वॉर्डाची जागा महिलांसाठी राखीव निघाली. भाऊ वस्तीचे पुढारी, त्यांची तयारी वर्षानुवर्षांची. बॅनर, मंडळं, पोरांचं टोळकं, सगळं सज्ज. जागा राखीव झाली तर बायकोला उभं करायचं, एवढा साधा हिशोब. पण दोन मुलींवर मुलगा पाहिजे म्हणून त्यांनी हट्टानं तिसरं मूल होऊ दिलं होतं, आणि तिसरं मूल असलेल्याला कायद्यानं उभं राहता येत नाही. मुलाच्या हौसेपायी घरातलं तिकीट गेलं. ही बातमी वस्तीत पसरली तेव्हा नळावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. ते उद्या माझ्याच दारात येणार आहेत, हे मला काय माहीत.

ते आले, सोबत टोळकं घेऊन. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तर भाऊ माझ्या नवऱ्याशी बोलत होते.

"वहिनीले उभं करून राहिलो आपण. तुमी फक्त हौ म्हणा."

माझा नवरा बोलायला मोजका, पण बोलला की नेमकं. म्हणाला, "मले काहून विचारता, भाऊ? उभं तिले राहाचं आहे. तिले विचारा. अन् आधीच सांगून ठेवतो, तिचं माहेर मिरचीवाल्या भिवापूरकडचं आहे. तिखट जाईन."

सगळे हसले. भाऊंनी तेव्हा कुठं माझ्याकडे मान वळवली. "वहिनी, तुमाले काईच कराचं नाई. घरीच राहाचं. बाकी मी आहो ना."

मी ट्रे हातात तसाच धरून म्हटलं, "विहाराजवळच्या जागेवर पोरींसाठी अभ्यासिका पायजे मले."

"झालीच समजा," म्हणाले आणि कप उचलला.

प्रचारात मी दारोदार फिरले. भाऊंना वाटायचं, लोक त्यांच्याकडे बघून दार उघडतात. वॉर्डातल्या अर्ध्या बायांची मापं मला तोंडपाठ होती. कोणाचं बाळंतपण कुठल्या दवाखान्यात अडलं, कोणाच्या पोरीची दहावी कशानं राहिली, ते मला ठाऊक होतं, कारण ब्लाउजचं माप देता देता बाया सगळं बोलतात. त्यांनी मला मत दिलं. हे मी आजही छातीठोक सांगते, कारण सांगणारं दुसरं कोणी नाही.

निकाल लागला तेव्हा मतमोजणीच्या ठिकाणी माझ्या गळ्यात एक हार पडला. तो घरी पोचेपर्यंत भाऊंच्या गळ्यात गेला होता. उघड्या जीपमध्ये पुढं ते उभे, अंगावर निळा गुलाल, दोन्ही हात जोडलेले. मला म्हणाले, "वहिनी, थकल्या असान तुमी. घरी जा, पोट्ट्यायच्या चहापाण्याचं पाहा." मी खरंच घरी गेले. मिरवणूक आमच्या दारावरून गेली तेव्हा मी गॅसवर पातेलं चढवत होते. बाहेर घोषणा चालल्या होत्या आणि त्यात नाव त्यांचं होतं. मी खिडकीतून पाहिलं. त्या दिवशी मी डूख धरला. साधासुधा राग असता तर चार दिवसांत उतरला असता.

त्यांच्या घराच्या खालच्या खोलीत जनसंपर्क कार्यालय उघडलं. बोर्डावर माझं नाव, आत फिरत्या खुर्चीवर ते. मला दाराजवळ प्लास्टिकची खुर्ची. त्यांच्या गाडीवर मागं 'नगरसेवक' असं लिहिलेलं. सकाळी तर्री-पोहे खायला टोळकं जमायचं, मग तक्रारी घेऊन लोक यायचे. सांडपाण्याची गडर लाइन चोक झाली, पथदिवा बंद आहे, नळाला पाणी नाही. लोकही शिकले, माझ्याकडे बघून नमस्कार करायचा आणि बोलायचं त्यांच्याशी. एकदा मी धीर करून झोन ऑफिसच्या इंजिनिअरला स्वतः फोन लावला, नाव सांगितलं, तक्रार सांगितली. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "बरं मॅडम, भाऊंना द्या फोन." मी दिला. काय करणार? 

पण एक जागा अशी निघाली की जिथं भाऊंचं काही चालत नव्हतं.

महापालिकेची आमची सभा महाल भागातल्या टाउन हॉलमध्ये भरायची. पहिल्या सभेला भाऊंनी पांढरेशुभ्र कपडे घातले, कपाळावर गॉगल. गल्लीबोळांतून गाडी काढत आम्ही पोचलो. ते पुढं, मी मागं. सभागृहाच्या दारावर गार्डनं त्यांच्यासमोर हात आडवा धरला.

"आपण?"

"नगरसेवक," भाऊ म्हणाले. सहज म्हणाले. त्यांना ते खरंच वाटत होतं.

"पास दाखवा."

भाऊंनी माझ्याकडे बोट केलं. गार्डनं मला सलाम ठोकला, दार उघडलं, आणि त्यांना म्हणाला, "पाहुण्यांची गॅलरी वर आहे. जिना तिकडून." मला आजवर कोणी सलाम केला नव्हता. मी आत गेले, बसायला गादीची खुर्ची, समोर माइक. वर पाहिलं तर गॅलरी गच्च भरलेली. सगळे नवरे, दीर, भाऊ, बाप. आम्ही बाया खाली, आणि आमचे मालक वर, माळ्यावर ठेवलेल्या सामानासारखे.

त्यांच्या खुणा ठरलेल्या असत. कोणी रुमाल काढला की खाली त्यांची बाई हात वर करायची. कोणी केसांवरून हात फिरवला की ती गप्प बसायची. भाऊंची खूण चष्म्याची. गॉगल कपाळावर मिरवायला, आणि खिशात वाचायचा चष्मा. तो काढून त्यांनी पुसला की मी हात वर करायचा. सुरुवातीला मी केला. नियम समजून घेत होते. कोण कधी बोलू शकतं, अध्यक्ष कोणाला थांबवू शकतात, गॅलरीतल्या माणसानं ब्र काढला तर काय होतं, हे सगळं मी ब्लाउजचं कटिंग शिकले तसं शिकले, दुसऱ्याचा हात बघून.

दोनेक वर्षं अशी गेली. अभ्यासिकेचं मी विचारायची, ते "होऊन राहिलं" म्हणायचे. मग एक दिवस कार्यालयात टोळकं बसलं होतं. मी दाराजवळ माझ्या खुर्चीत. भाऊ रंगात येऊन सांगत होते, "विहाराजवळची जागा आपल्या संस्थेले लीजवर घेऊन राहिलो. लॉन टाकतो तिथं. समोर पार्किंग, मागं किचन. पूर्व-उत्तर नागपुरात असं लॉन नाई राहणार." माझ्यासमोर सांगत होते. मी तिथं बसलेली त्यांना दिसतच नव्हते, इतकी त्यांना माझी सवय झाली होती. नागपुरात लग्नं लॉनमध्ये लागतात, आणि लॉनवाल्याची चांदी असते, हे कोणाला सांगायला नको.

मी म्हटलं, "अन् अभ्यासिका?"

ते हसले. मग सगळे हसले. "वहिनी, पोरी काय, लगन होऊन जातात. लॉनमंधी त्यायचंच लगन लावून देऊ, कमी भाड्यात. सभेत विषय आला की तुमी पाठिंबा द्या, वॉर्ड तुमचा आहे, बाकीचे काई बोलणार नाईत." आणि वर म्हणाले, "आता एवढ्या पोट्ट्यायसाठी चहा टाका बरं."

त्या घरात स्वयंपाकघर त्यांच्या बायकोचं. भाभी ओट्याशी उभ्या होत्या, सगळं ऐकत. मी आत गेले, दुधाचं पातेलं घेतलं. आम्ही दोघींनी चहा केला, एकमेकींकडे न बघता. मी बाहेर येऊन प्रत्येकाच्या हातात कप दिला. भाऊंच्याही. आणि म्हटलं, "देते पाठिंबा."

त्या चहाची चव मला माहीत नाही, मी प्याले नाही. पण तो कप त्यांच्या हातात देताना मी काय ठरवलं, ते मला लख्ख आठवतं. जागा तर वाचवायचीच होती. पण नुसती जागा वाचून माझं पोट भरणार नव्हतं. मला हा माणूस चारचौघांत तोंडावर पडलेला बघायचा होता. लोकांना हे ऐकायला आवडत नाही. समाजसेविकेनं असं बोलू नये म्हणतात. मी बोलते.

नवऱ्याला तेवढं सांगितलं. तो बूट काढता काढता थांबला. म्हणाला, "चालू लाइनले हात लावून राहिली तू."

"मंग? नको लावू?"

"लाव. पण हातमोजे घालून लाव."

माझे हातमोजे म्हणजे गॅलरीचे पास. प्रत्येक सभेला मला थोडे पास मिळायचे आणि ते सगळे भाऊ घेऊन जायचे, टोळक्यासाठी. या वेळी मी एक त्यांना दिला आणि म्हटलं, बाकीचे शिवणक्लासच्या बायांना दिले, त्यांना सभा बघायची हौस आहे. भाऊंना काही वाटलं नाही. उलट म्हणाले, "बरं केलं, त्यायलेही समजू द्या आपण काय काम करून राहिलो." बाया नवी पातळं नेसून आल्या आणि गॅलरीत त्यांच्या दोन्ही बाजूंना बसल्या. कशासाठी आणलं ते मी त्यांनाही सांगितलं नव्हतं.

विषय आला. सचिवांनी वाचला. मी वर पाहिलं. भाऊंनी चष्मा काढला आणि आरामात पुसायला लागले.

मी उभी राहिले. माइकचं बटण दाबलं. 

"अध्यक्ष महोदय, हा विषय माझ्या वॉर्डाचा आहे, आणि माझा त्याला विरोध आहे. आमच्या वस्तीत लग्नं लावायला जागा कमी पडत नाही. पोरींना अभ्यासाला बसायला कमी पडते. ती जागा मुलींच्या अभ्यासिकेसाठी ठेवावी, अशी माझी मागणी आहे."

सभागृहात कोणी इकडे तिकडे बघू लागलं, कोणी जागं झालं. मी खाली बसणार, तेवढ्यात वरून आवाज आला.

"अध्यक्ष महोदय, एक मिनिट!"

भाऊ उभे होते. एका हातात चष्मा, दुसरा हात वर केलेला, अगदी आम्ही खाली करतो तसा. "आमच्या वॉर्डाची भूमिका मी स्पष्ट करतो. वहिनींची जरा गडबड झालेली आहे. आमचा या विषयाला पूर्ण पाठिंबा आहे, आणि मी सभागृहाला विनंती करतो की..."

तो माणूस विसरला होता. खरंच विसरला होता की आपण निवडून आलेलो नाही. दोन वर्षं लोकांनी नगरसेवक म्हटलं, गाडीवर लिहिलं, फिरत्या खुर्चीवर बसला, आणि आज गॅलरीत उभा राहून सभागृहात भाषण करायला लागला. मी त्याला तोंडावर पाडायचं ठरवलं होतं, पण इतकं मला मनातही आणता आलं नसतं. क्षणभर कोणाला समजेना. मग मागच्या बाकावरून कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळं सभागृह हसायला लागलं. सत्ताधारी, विरोधक, सगळे. गॅलरीतले बाकीचे नवरे मात्र हसले नाहीत. त्यांनी आपापले रुमाल खिशात घातले.

अध्यक्षस्थानी बसलेल्या महापौरांनी घंटी वाजवली. "गॅलरीतून कोण बोलतंय?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सन्माननीय सदस्या, हे गृहस्थ कोण?"

त्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. मी हात जोडून गप्प राहिले असते तरी चाललं असतं. मी पुन्हा उभी राहिले.

"माझ्या वॉर्डातले एक मतदार आहेत, अध्यक्ष महोदय. त्यांना सभागृहाचे नियम माहीत नसावेत. समजावून सांगावेत, ही विनंती."

गार्ड वर गेले. एकानं दंडाला धरलं, एकानं वाट दाखवली. माझ्या बायांनी पाय आवरून त्यांना जायला जागा दिली. जिन्यात ते म्हणत होते म्हणे, "अरे, मी नगरसेवक आहो," आणि गार्ड म्हणाला, "हौ ना, चला खाली." हे बायांनी मला नंतर सांगितलं. पुढं कित्येक महिने क्लासमध्ये कोणी मशीनवर चुकीचं शिवलं की दुसरी म्हणायची, "हौ ना, चला खाली," आणि सगळ्या हसून हसून बेजार व्हायच्या. मला वाईट वाटलं का, असं लोक विचारतात. थोडंही वाटलं नाही. घरी येऊन मी दोन वाट्या भात जास्त खाल्ला.

लॉनचा विषय बारगळला. अभ्यासिका मात्र एका भाषणानं उभी राहत नाही. त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मी परत बसले नाही. आमच्याच दारापुढच्या ओट्यावर टेबल टाकलं आणि लोकांना इथं या म्हणून सांगितलं. झोनच्या त्याच इंजिनिअरला गडर लाइनच्या तक्रारीसाठी बोलावलं, भर मे महिन्यात, उन्हाच्या वेळेला. गडर साफ करायचं मशीन येईपर्यंत मी त्याला उघड्या चेंबरपाशी उभं ठेवलं, आणि मीही उभी राहिले, छत्री घेऊन. छत्री एकच होती. त्यानंतर तो माझा फोन पहिल्या रिंगला उचलायचा. असंच हुज्जत घालत, पायऱ्या झिजवत, कचरा उचलला गेला, पाया खणला, भिंती आल्या, छत आलं, पंखे फिरले. माझी मुदत संपायच्या आत पोरी तिथं बसायला लागल्या. दारावर मी पाटी लावली, 'मुलींची अभ्यासिका', बास. कोणाचंही नाव नाही, माझंही नाही.

भाऊंनीही उट्टं काढायचं सोडलं नाही. चौकाचौकात माझ्या नावाचे 'गद्दार' लिहिलेले बॅनर. शिवणक्लासला येणाऱ्या काही जणींचे नवरे फिरले, बाया यायच्या बंद झाल्या. माझ्या नवऱ्याची बदली लांब पारशिवनीला झाली. कोणाच्या सांगण्यावरून झाली ते मी सिद्ध करू शकत नाही, पण मला काही वेड लागलेलं नाही. तो रोज एस.टी.नं जायचा, यायचा, आणि कधी एका शब्दानं बोलला नाही. पुढच्या निवडणुकीत मला तिकीट मिळालं नाही. अपक्ष उभी राहिले आणि पडले, चांगली आपटले. भाऊ त्यांच्या उमेदवाराच्या विजयाचा गुलाल उधळत आमच्या दारावरून गेले आणि मुद्दाम दारासमोर बराच वेळ ताशा वाजवला. मी दार उघडून उंबऱ्यात उभी राहिले, ताशा थांबेपर्यंत. लपून बसायचं माझ्या रक्तात नाही.

पण अभ्यासिकेचं दार त्यांना काही केल्या उघडता आलं नाही. तिथल्या पोरी नर्स झाल्या, एक बँकेत लागली, एक पोलिसात, दोघी शिक्षिका. वीज गेली की माझा नवरा जाऊन बघायचा, निवृत्त झाल्यावरसुद्धा. माझं पद गेलं, पण किल्ली माझ्याकडेच राहिली.

मागच्या हिवाळ्यात भाऊ गेले. बरेच दिवस आजारी होते. मी अंत्यदर्शनाला गेले नाही. शोकसभेला मात्र गेले, कारण ती अभ्यासिकेसमोरच्या पटांगणात ठेवली होती, आणि तीच जागा का निवडली, याचा मला वास आला होता. मंडप घातला होता. हार घातलेला मोठा फोटो, मेणबत्त्या. वंदना झाली. पहिल्या रांगेत भाभी, शेजारी त्यांचा मुलगा, आता दाढी राखलेला, हातात दोन मोबाइल. मधली कित्येक वर्षं निवडणुकाच झाल्या नव्हत्या, आता होणार अशी हवा होती, आणि बाप गेल्याचा फायदा पोराला व्हावा अशी टोळक्याची घाई. अभ्यासिकेतल्या पोरींना बाहेर बोलावून मागं सतरंजीवर बसवलं होतं.

एकामागून एक माणसं उठली. भाऊंनी रस्ता आणला, भाऊंनी पाणी आणलं. मी ऐकून घेतलं. मग एक जण म्हणाला, "या वस्तीतल्या लेकींसाठी अभ्यासिकेचं स्वप्न पाहिलं ते भाऊंनी." आणि दुसऱ्यानं लगेच माइक घेऊन सांगितलं की या अभ्यासिकेला भाऊंचं नाव द्यावं, तसा ठराव इथंच करू, सर्वांनी हात वर करून संमती द्यावी.

हात वर झाले. फोटोसमोर कोण नाही म्हणणार? पुरुषांचे झाले, मग बायांचे. भाभींचाही झाला, अर्धवट. मागं पोरी माझ्याकडे बघत होत्या.

मला कोणी बोलावलं नव्हतं. मी चालत गेले आणि माइक हातात घेतला. तो पोरगा "काकू, काकू" करत उठला, पण मंडपात सगळ्यांसमोर म्हाताऱ्या बाईच्या हातातून माइक ओढायची त्याची हिंमत झाली नाही.

मी म्हटलं, "भाऊ गेले. त्यांच्याबद्दल मी खोटं बोलणार नाही. या जागेवर त्यांना लॉन करायचं होतं. मी अभ्यासिकेचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, पोरी काय, लगन होऊन जातात, लॉनमंधी त्यायचंच लगन लावून देऊ, कमी भाड्यात. हे ते माझ्यासमोर म्हणाले आणि हसले. इथं बसलेले काही जण तेव्हा तिथं होते, तेही हसले. त्यांची नावं मी घेत नाही, त्यांना ती माहीत आहेत. आता मागं बसल्या आहेत त्या पोरींना मी विचारते. ज्या पोरीला या दारावर त्या माणसाचं नाव वाचून रोज आत जायचं आहे, तिनं हात वर करावा."

एकही हात वर आला नाही. आणि पुढचे, आधी वर झालेले, खाली यायला लागले. सगळ्यात आधी भाभींचा आला. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि त्यावर दुसरा हात ठेवला. मुलानं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्या हातातला माइक बंद झाला. साउंडवाल्याचं काहीतरी बिघडलं, असं कोणी म्हणालं, आणि ठरावाचं पुढच्या बैठकीत बघू म्हणून सभा उरकली.

लोक पांगले. भाभी उठून माझ्याकडे आल्या. मला वाटलं, ही बाई आता माझ्या थोबाडीत मारणार, आणि तिला तो हक्क आहे. मी गाल हलवला नाही. त्या अगदी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, मले तिथं दुपारून बसता येईन का वं? पेपर वाचीन. खालची खोली पोराचं ऑफिस झाली, वरच्या खोलीत त्याचे दोस्त राहतात. घरात मले बसाले जागाच नाई."

सभागृहात मी भाऊंची जिरवली होती, पण ती माझ्या कष्टानं. हे तर न मागता हातात येऊन पडलं. मला आनंद झाला. थोडा त्या बाईसाठी, आणि जास्त भाऊंच्या नाकावर टिच्चून झालं म्हणून. मी म्हटलं, "या. उद्यापासूनच या."

आता त्या रोज दुपारी येतात. खिडकीजवळची खुर्ची धरतात, चष्मा लावून पेपरची शेवटची ओळसुद्धा सोडत नाहीत. पोरी त्यांना आजी म्हणतात, गणित विचारत नाहीत, पण पाणी आणून देतात. संध्याकाळी मुलगा न्यायला येतो. आत पुरुषांना यायचं नाही, हा नियम मी पहिल्या दिवसापासून केलेला आहे. एकदा घाईत असेल म्हणून त्यानं उंबऱ्याच्या आत पाय टाकला. बारावीतल्या एका पोरीनं पुस्तकातून मान वर केली.

"कोण पायजे तुमाले?"

"मी भाऊंचा मुलगा," तो म्हणाला.

"कोणचे भाऊ?" तिनं विचारलं. मग बोटानं दार दाखवून म्हणाली, "बाहेर थांबा," आणि पुन्हा वाचायला लागली. मी तिथंच बसले होते. भाभीही बसल्या होत्या. त्यांनी पेपरचं पान उलटलं आणि सावकाश पुढची बातमी वाचायला घेतली.